'सैरंध्री' (१९२०) : बंदीतल्या नाटकाचा हरवलेला मूकपट

मंडईकर | रविवार, सकाळी ९.४०

काल मंडईत गेलो होतो. आंब्याचा भाव ऐकून हात हलवत परत आलो, ते जाऊ द्या. गाडी आर्यनला लावली होती. पुण्याबाहेरच्यांसाठी : आर्यन म्हणजे मंडईजवळचा वाहनतळ. पावती खिशात टाकताना बरोबरच्या काकांनी विचारलं, "आर्यन हे कुणाचं नाव, माहितीये का रे?" मी म्हटलं, असेल कुणा नगरसेवकाच्या नातवाचं. काका तिथेच जिन्यात उभे राहून हसायला लागले.

आर्यन हे थेटर होतं. पाठकांचं. पुण्यातल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटगृहांपैकी एक. आणि जिथे मी माझी ॲक्टिव्हा स्टँडवर चढवत होतो, त्याच जागेवर फेब्रुवारी १९२० मध्ये बाबुराव पेंटरांचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' लागला होता.

घरी येऊन वाचत बसलो तर झोपच उडाली. चित्रपट आज कुठेही नाही. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गोष्ट कीचकवधाची, आणि तिच्यामागे नाटक खाडिलकरांचं. म्हणजे 'कीचकवध', १९०७. कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, कंकभट झालेला धर्मराज म्हणजे मवाळ आणि बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल. यातलं एकही नाव न घेता हे सगळ्या प्रेक्षकांना कळायचं. सरकारलाही कळलं, फक्त तीन वर्षं लागली. १९१० मध्ये प्रयोगांवर बंदी आली ती उठली १९२६ साली.

आता गणित करा. बंदी १९१० ते १९२६. चित्रपट १९२०. म्हणजे ज्या नाटकाचा पडदा उघडायची परवानगी नाही, त्यातला वध पुण्यात, भर मंडईत, तिकीट लावून दाखवला जात होता. हे कसं काय चाललं? जाणकारांनी भर घालावी.

कुजका_पेरू | १०.०५

धागा चांगला. पण आंब्याचा भाव काय होता ते आधी सांगा.

मंडईकर | १०.०९

पेरू घ्या, परवडतो.

पंचगंगेकाठी | १०.३१

आमच्या कोल्हापूरचा विषय काढलास भावा, आता ऐकूनच घे.

बाबुराव पेंटर म्हणजे बाबुराव कृष्णराव मेस्त्री. ते आणि त्यांचे मावसभाऊ म्हणा चुलतभाऊ म्हणा (आमच्यात सगळे भाऊच) आनंदराव, हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. १९१०-१६ च्या काळात पडदा म्हटलं की पेंटर बंधू. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' बघितला आणि डोक्यात सिनेमाच शिरला. मुंबईच्या बाजारातून जुनं प्रोजेक्टर आणलं. चित्रपट दाखवून पैसा उभा करायचा आणि मागच्या बाजूला कॅमेरा घडवायचा असा उद्योग. विकत घ्यायला पैसे कुठले? म्हणून तयारच करायचा! आनंदराव १९१६ ला गेले. कॅमेरा पुरा केला बाबुरावांनी, विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन. तेच दामले पुढं 'प्रभात' फिल्म कंपनीचे.

पैसा कुणी दिला? तानीबाई कागलकर. गाणाऱ्या बाई. सावकार-जहागीरदार सोडा, एका गायिकेनं बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला उभं केलंय. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, १ डिसेंबरला तिथं कॅमेऱ्याला मानवंदना देतात. कोल्हापुरात आलात तर तांबडा-पांढरा वरपायच्या आधी तिथं एकदा उभे राहा.

आणि भीम-कीचकाचं म्हणशील तर खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात पैलवान शोधायला कुठं लांब जायला लागतंय?

तारीख_पे_तारीख | ११.१५

मंडईकरांच्या "कसं काय चाललं"चं उत्तर कायद्यात आहे. पेशाने वकील असल्यामुळे रविवारीही सुटका नाही.

नाटकावरची बंदी आली ती १८७६ च्या नाट्यप्रयोगांच्या कायद्याखाली. त्या कायद्याखाली विशिष्ट नाटकाचा प्रयोग बंद करता येतो. 'कीचकवध' नावाचं, खाडिलकरांनी लिहिलेलं, अमुक संवाद असलेलं नाटक. महाभारतातली कीचकाची गोष्ट सांगायला काही बंदी नव्हती, कीर्तनकार ती रोज सांगतच होते. चित्रपटांचा कायदा निराळा, १९१८ चा. आणि त्याखालची सेन्सॉर मंडळं कामाला लागली १९२० मध्ये. म्हणजे 'सैरंध्री' आला तेव्हा यंत्रणेची घडी अजून बसत होती.

त्यात नावही बघा. 'कीचकवध' नाही, 'सैरंध्री'. मारणाऱ्याचं नाही, मरणाऱ्याचं नाही, जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव. माझा तर्क असा की हे नाव विचार करून ठेवलंय. पोस्टरवर 'कीचकवध' असतं तर पोलिसांना विचार करायलाही लागला नसता.

तरी सरकार अगदीच झोपलं नव्हतं. भीम कीचकाला मारतो तो भाग इतका अंगावर येणारा होता की तो काढायला लावला. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर'वर मद्रास आणि कराचीत बंदी आली, कारण विदुर हुबेहूब गांधीजींसारखा दिसत होता, टोपीसकट. पुराणकथेच्या पदराखाली काय चाललंय ते एव्हाना साहेबाला उमगलं होतं.

विंगेतला | १२.५०

मी हौशी नाटकवाला. काही वर्षांपूर्वी आम्ही 'कीचकवध'चं अभिवाचन केलं होतं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. वैतागू नका.

एक, हे संगीत नाटक नाही. गद्य नाटक आहे. महाराष्ट्र नाटक मंडळी ही गद्य नाटकं करणारी कंपनी, तिने ते केलं. खाडिलकर हे टिळकांच्या 'केसरी'तले लेखक. नाटक वाचताना ते जाणवतंच : अग्रलेखाचं वाक्य जसं तीन ओळी चालतं आणि शेवटी क्रियापद येऊन आदळतं, तसं इथे पात्रं बोलतात. आमच्या कीचकाला श्वास कुठे घ्यायचा त्यासाठी संहितेत पेन्सिलने फुल्या माराव्या लागल्या. दुसऱ्या अंकापर्यंत तो घामाघूम.

दोन, आणि हे मला त्या तालमींत कळलं. सैरंध्री दाद मागते. भीम म्हणतो, आत्ता मारतो. धर्मराज म्हणतो, थांब, मार्ग काढू, राजाकडे जाऊ, समजावून सांगू. हे समजावणं, हा युक्तिवाद, ही "जरा दमाने घ्या" वाली भाषा नाटकात पानंच्या पानं आहे. मवाळांची बाजू खाडिलकरांनी कच्ची लिहिलेली नाही. ती कच्ची लिहिली असती तर तिच्यावर चिडायला तरी काय मजा?

आता हेच नाटक मुकं करा.

भीमाला बोलायची गरज नाही. त्याने मूठ आवळली की कळतं. सैरंध्रीचे डोळे पुरतात. कीचकाला मिशीवरून हात फिरवायला शब्द लागत नाहीत. पण धर्मराज? युक्तिवाद मुक्याने कसा करणार? दोन ओळींची पाटी येणार, "भीमा, धीर धर", आणि संपलं. म्हणजे मूकपटात मवाळ पक्ष उरतच नाही! नाटकात जो वाद होता तो पडद्यावर सरळ ठोशावर आला. पुरावा विचाराल तर चित्रपट कुणी पाहिलेला नाही, पण कुठल्याही मूकपटाची ही चाल असते. माझं म्हणणं एवढंच की आवाज काढून घेतल्यामुळे हे नाटक मऊ झालं नाही, उलट जास्त जहाल झालं असणार.

तारीख_पे_तारीख | १.०२

आणि मग वधाचा भाग सेन्सॉरने कापला. म्हणजे मवाळ गेले शब्दांअभावी आणि जहाल गेले कात्रीने. उरलं काय, विराटाचा स्वयंपाकघर विभाग?

विंगेतला | १.०६

:D बल्लवाच्या हातचं जेवण.

फुलपात्र | १.४०

विंगेतला, मुद्दा छान मांडलात पण पूर्ण पटत नाही. मूकपट मुका कुठे होता? थेटरात पेटी-तबला असायचा. पाट्या यायच्या, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा मोठ्याने वाचायचा. शिवाय पुण्यातल्या प्रेक्षकाने नाटक पाहिलेलं असणार. १९०७ ते १९१० तीन वर्षं ते जोरात चाललं. पडद्यावर धर्मराजाने नुसता हात वर केला तरी त्याच्या कानात तेरा वर्षांपूर्वीचा संवाद वाजला असेल की.

विंगेतला | १.५५

कान वाजले असतील, मान्य. पण आठवणीतला संवाद आपण आपल्या बाजूने ऐकतो. धर्मराजाची बाजू आठवून आठवून कोण ऐकतंय?

ग्रंथकीट | ३.२०

बंदी घालणाऱ्यांच्या बाजूने एक साक्ष आहे, ती इथे सांगायलाच हवी. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यांच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात 'कीचकवधा'बद्दल लंडनच्या 'टाइम्स'मधला मजकूर उतरवून घेतलाय. लिहिणारा इंग्रज, नाटकाच्या पुरता विरोधात. पण माणूस थेटरात बसून आलेला आहे आणि त्याने रंगमंचाकडे कमी, प्रेक्षकांकडे जास्त पाहिलंय. कीचकाचे प्रताप पाहताना पुरुषांचे ताणलेले, आठ्या पडलेले चेहरे. सैरंध्रीची विनवणी ऐकताना बायकांचे चमकणारे डोळे. धर्मराजाच्या मिळमिळीतपणाचा तिरस्कार. आणि शेवटी कीचक मरतो तेव्हा सगळ्या नाट्यगृहातून उमटणारा समाधानाचा खोल हुंकार.

हुंकार. टाळ्या नव्हेत, शिट्ट्या नव्हेत. हा आवाज संहितेत लिहिलेला नाही, त्यावर बंदी घालता येत नाही. बंदी घालायची तर तो निघतो ती जागा बंद करायची, आणि सरकारने तेच केलं.

आता गंमत पुढे आहे. याच पुस्तकावरून टिळकांनी चिरोलवर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या सुरुवातीला तो हरले. खर्चाने जेरीला आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात परतले. आणि दोनअडीच महिन्यांत पुण्यात 'सैरंध्री' लागला. बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती टिळकांनी. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले.

ज्या पुस्तकापायी दावा हरलो, त्याच पुस्तकात ज्या नाटकाला राजद्रोही म्हटलंय, ते नाटक आपला उजवा हात असलेल्या खाडिलकरांनी लिहिलेलं, आणि त्यातला वध आता पडद्यावर. टिळकांना यात काय दिसलं असेल याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही.

मंडईकर | ३.३४

अंगावर काटा. धागा काढल्याचं सार्थक झालं.

सरळरेषा | ४.१०

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. पण "नाटकाचं रूपांतर" हे जरा जास्त होतंय का? गोष्ट विराटपर्वातली. रविवर्म्याने १८९० सालीच कीचक-सैरंध्रीचं चित्र काढलं होतं. मद्रासला नटराज मुदलियारांनी 'सैरंध्री'च्या आधीच 'कीचकवधम्' नावाचा मूकपट काढला होता, दक्षिणेतला पहिला, तोही आज नाही. मुदलियारांनी काही खाडिलकर वाचले नव्हते. मग बाबुरावांनी थेट महाभारतावरून चित्रपट काढला आणि आपण पुणेकरांनी (नेहमीप्रमाणे) त्याला नाटकाचं, टिळकांचं, 'केसरी'चं लेबल लावलं, असं का नसेल?

पंचगंगेकाठी | ४.२२

"नेहमीप्रमाणे" ला +१००. बाकी पोस्टशी असहमत.

ग्रंथकीट | ४.५०

सरळरेषा, शंका रास्त आहे. पण भारतीय चित्रपटाचे इतिहासकार 'सैरंध्री' खाडिलकरांच्या नाटकाशी जोडतात ते नुसत्या कथासाम्यावर नव्हे. बाबुरावांचं सगळं उमेदवारीचं आयुष्य नाटक कंपन्यांच्या विंगेत गेलं. त्या माणसाच्या हाताशी कीचक म्हटल्यावर आधी व्यासांचा कीचक येईल की महाराष्ट्रभर गाजलेला खाडिलकरांचा?

विंगेतला | ५.१५

एक फरक सांगून ठेवतो, कुणाला उपयोगी पडला तर. महाभारतात वध होतो तो नर्तनशाळेत. भीम अंधारात सैरंध्रीच्या जागी निजून राहतो, आणि मारल्यावर कीचकाचे हातपाय-डोकं धडात कोंबून त्याचा नुसता गोळा करून टाकतो. लोक ओळखू शकत नाहीत. खाडिलकरांनी हे सगळं हलवलं भैरवाच्या देवळात. जुलमी सत्ताधारी देवळात मरतो. रंगमंचावर गोळा करणं शक्य नव्हतं हे एक, पण देऊळ निवडण्यात संपादकाचं डोकं आहे.

फुलपात्र | ५.२१

आणि कॅमेऱ्यापुढे? गोळा करणं शक्य होतं का?

विंगेतला | ५.२४

बाबुराव मूर्तिकारही होते. एवढंच बोलून थांबतो.

शांताक्का | ६.४०

मी वयाने तुम्हा सगळ्यांत मोठी असेन. नातवाने हा धागा उघडून दिला. आमचे वडील सांगायचे, त्यांनी 'सैरंध्री' पाहिला होता आणि तो रंगीत होता. त्यात गाणीही होती म्हणायचे. मग तो मूकपट कसा?

ग्रंथकीट | ६.५८

आक्का, वडिलांचं बरोबर आहे, त्यांनी दुसरा 'सैरंध्री' पाहिला. १९३३ चा, प्रभातचा, शांतारामबापूंनी केलेला बोलपट. तो रंगीत करण्यासाठी जर्मनीला पाठवला होता. रंग मनासारखे आले नाहीत, पण हिंदुस्थानातला रंगाचा तो पहिला मोठा खटाटोप. शांताराम हे बाबुरावांचेच शिष्य, १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले आणि पडेल ते काम करत शिकले. गुरूचा पहिला चित्रपट शिष्याने आवाज आणि रंग देऊन पुन्हा केला, असं म्हणा.

शांताक्का | ७.०५

बरं झालं विचारलं. वडील म्हणायचे सगळ्यांचे चेहरे विटकरी दिसत होते. आम्हाला वाटायचं थापा मारतात.

आणखी एक विचारते. त्या मुक्या चित्रात सैरंध्री कोण झालं होतं? पुरुषच का?

पंचगंगेकाठी | ७.३०

नाही आक्का. बायकांची कामं बायकांनीच केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी होत्या. चित्रपटासाठी नावं बदलली, कमलादेवी आणि सुशीलादेवी. (हिंदुस्थानात पहिल्या म्हणता येणार नाहीत, फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले आधीच येऊन गेल्या होत्या.) पण काय झालं, सिनेमात नाचली-बागडली म्हणून समाजानं दोघींना वाळीत टाकलं. राहायला जागा मिळेना. शेवटी कंपनीच्या आवारातच राहिल्या.

आता हे जरा डोळ्यापुढं आणा. दिवसभर कॅमेऱ्यापुढं विराटाच्या दरबारात दाद मागायची, कुणी दाद देत नाही असा सीन करायचा. पॅकअप झालं की बाहेर गाव तसंच. मग परत त्याच सेटच्या मागं झोपायला जायचं.

शांताक्का | ७.४४

नाटक कशाला हवं मग. असो.

कुजका_पेरू | ८.१५

अवांतर : सगळे 'राजा हरिश्चंद्र' पहिला म्हणतात, पण त्याआधी तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' होता ना? तोही नाटकावरूनच. तोही हरवलेला.

तारीख_पे_तारीख | ८.२२

आला, पुंडलिक आला. विटेवर उभा राहणार आता धागा.

ग्रंथकीट | ८.४०

विटेवर उभं राहायच्या आत आवरतो. 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२, गिरगावात कॉरोनेशन थेटरात. रामराव कीर्तिकरांचं नाटक. पण तिथे कॅमेरा ठेवला आणि समोर नाटक झालं, छायाचित्रणही परदेशी माणसाने केलं. बाविसेक मिनिटांचं. 'सैरंध्री'ची गोष्ट नेमकी उलट. पेंटरांनी आयुष्यभर रंगवलेले पडदे स्वतःच गुंडाळून ठेवले. मागे रंगवलेला महाल लटकवायचा सोडून खरे वाटतील असे, आत शिरता येईल असे महाल उभे केले. पात्र खांबाच्या मागून येतं, खांबाची सावली जमिनीवर पडते. पडद्यावर रंगवलेल्या खांबाची सावली पडत नाही हे ज्याने हजारदा रंगवलं त्यालाच सलत असणार.

पहिलं कोण हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळे सतरा धागे आहेत.

अडगळ_कोपरा | १०.३०

उशिरा आलो. जुन्या फिल्म्सच्या जतनाचं थोडं काम केलंय, म्हणून "हरवला" या शब्दाबद्दल. लोकांना वाटतं हरवला म्हणजे कुठेतरी पडला असेल, सापडेल. बहुतेक वेळा तसं नसतं.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. तिच्यातच प्राणवायू असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यातही जळते. न पेटली तरी म्हातारपण भयंकर. आधी चित्र पिवळट होतं, मग फिल्म चिकट होते, वर मधासारखे फुगे धरतात, गुंडाळीचा एकसंध लाडू होतो, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. मी असा एक डबा उघडलाय. झाकण निघाल्यावर जो उग्र वास येतो तो शर्टातून दोन धुण्यांनी जात नाही. डब्यावर चित्रपटाचं नाव सुवाच्य अक्षरात होतं. आत चमच्याने काढावं असं काहीतरी.

याखेरीज चांदी. फिल्मवरच्या थरात चांदी असते. मूकपटाला बोलपटाने मारल्यावर जुन्या प्रती कुणाला हव्या होत्या? रद्दीसारख्या तोलून विकल्या, धुऊन चांदी काढली. आपल्याकडे मूकपट हजारांवर निघाले, त्यातले आज हाताला लागतील असे मोजकेच, तेही बरेचसे तुकड्यांत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ ला सुरू झालं. तोवर 'सैरंध्री'ला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. संग्रहालयाच्या पी. के. नायरांसारखा माणूस गावोगाव डबे हुडकत फिरला म्हणून जे आहे ते आहे. बाबुरावांचा 'मुरलीवाला' (१९२७) पाहायला मिळतो. आणि जे वाचलं तेही कायमचं वाचलं असं नाही, २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली.

फुलपात्र | १०.५२

वाचून कसंतरी झालं. आम्ही लहानपणी फिल्मचे तुकडे जमवायचो. जत्रेतल्या तंबूच्या मागे पडलेले असायचे. एक पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोक, भोकात फ्यूज उडालेला बल्ब पाणी भरून, ते भिंग. उन्हात आरसा धरायला धाकटा भाऊ. भिंतीवर धर्मेंद्रचं अर्ध डोकं. एका तुकड्याला चार गोट्या असा भाव होता. आम्हीच संपवले की काय चित्रपट?

अडगळ_कोपरा | १०.५८

निर्धास्त राहा. तुमच्या वेळची फिल्म नायट्रेटची नव्हती, ॲसिटेटची. आणि धर्मेंद्र सुखरूप आहे, निदान चित्रपटांत. पण पुठ्ठ्याचं खोकं, पाण्याचा बल्ब आणि आरसा धरणारा भाऊ... कोल्हापूरच्या दोन भावांनी याहून फार वेगळं काही केलं नव्हतं, फक्त ते थांबले नाहीत.

पंचगंगेकाठी | ११.१०

लय भारी बोललास राव.

विंगेतला | सोमवार, सकाळी ७.५०

रात्री एक गोष्ट सुचली ती लिहून कामाला जातो.

नाटकावर बंदी आली, पण नाटक वाचलं. शब्द छापलेले होते, १९२६ ला बंदी उठली, आजही कुणीही घेऊन वाचू शकतो. चित्रपटाला परवानगी मिळाली, लोकांनी तो तिकीट काढून पाहिला, आणि तो नाहीसा झाला. ज्याला मारलं ते जगलं, ज्याला सोडलं ते मेलं. अज्ञातवासात कोण होतं तेच कळेनासं होतं.

आमच्या अभिवाचनाचं एक राहिलं. वधाच्या वेळी आम्ही दिवे घालवून फक्त आवाजात केलं होतं. म्हणजे पेंटरांच्या बरोब्बर उलटं. अंधार, भीमाचा श्वास, झटापट. पन्नासेक प्रेक्षक असतील. ग्रंथकीट म्हणतात तो हुंकार मी विंगेतून कान देऊन ऐकत होतो. आला नाही. एकाचा मोबाईल वाजला.

तारीख_पे_तारीख | ८.३०

कर्झन कोण हेच माहीत नसेल तर हुंकार कशाला येतोय. प्रेक्षकाला ज्याचा राग आहे तो कीचक पाहिजे.

विंगेतला | ८.३४

तो आणला तर परत बंदी येईल.

सरळरेषा | ९.१०

मी माझी शंका अर्धी मागे घेतो. टिळक आणि नाव बदलण्याचा मुद्दा पटला. पण माझी एक सूचना आहे : शीर्षकात "रूपांतर" असा शब्द टाकू नये. "बंदीतल्या नाटकाचा मूकपट" ठीक आहे. प्रसंग-न्-प्रसंग नाटकातला घेतला, असं त्यातून कुणी वाचू नये एवढंच.

मंडईकर | १०.१५

मान्य. शीर्षकात आधीपासूनच "रूपांतर" नाहीये, तसंच ठेवतो. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शांताक्का, वडिलांच्या विटकरी चेहऱ्यांसाठी विशेष आभार.

काकांना रात्री सगळं वाचून दाखवलं. हुंकाराच्या पोस्टला त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "आर्यनला मी पण खूप पिक्चर पाहिले, पण मला पिक्चर आठवत नाहीत. पंखे आठवतात, आणि भाजीचा वास. मंडई पलीकडेच ना."

कुजका_पेरू | १०.२०

फोटो टाका की आर्यनचा. निदान पावतीचा तरी.

मंडईकर | १०.४१

पावतीचाच टाकणार होतो. पाकिटातून काढली तर कोरी. तो थर्मल कागद असतो ना, दोन दिवस गाडीच्या डिकीतल्या उन्हात पाकीट राहिलं आणि अक्षरं उडाली. कोपऱ्यात 'आ' आहे असं वाटतंय, पण बायको म्हणते ती घडी आहे.